तोतया, हमशकल आणि आपले चेहरे

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी वाङ्मयीन कार्यक्रमासाठी आम्ही गेलो होतो. व्यासपीठावर मुस्लिम लेखक दोनच. एक आम्ही आणि दुसरे आमचे एक कवी स्नेही. ते आमच्यापेक्षा वीतभर उंच, वर्णाने उजळ आणि वयाने दहा वर्षांनी लहान. आमच्यात साम्य एकच, दोघांनाही दाढी. सूत्रसंचालकांनी त्यांच्या कवितासंग्रहाबद्दल आमचा सत्कार केला आणि आमच्या समीक्षालेखनाबद्दल त्यांचे आभार मानले. चहाच्या वेळी चूक लक्षात आणून दिली तेव्हा ते गृहस्थ मनापासून ओशाळले. म्हणाले, "काय करणार सर, तुम्ही दोघे अगदी सारखे दिसता हो!" आमचे स्नेही हसून म्हणाले, "असू द्या. मानधनाचं पाकीट तेवढं ज्याचं त्याला द्या."

आम्हीही हसलो. त्या गृहस्थांच्या मनात काही वाईट नव्हते आणि त्यांची तक्रार करण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. पण परतीच्या एस.टी.त एक प्रश्न डोक्यातून जाईना. आम्ही दोघे सारखे दिसतो हे त्यांना खरोखरच दिसले होते. ते खोटे बोलत नव्हते. मग त्यांनी नेमके काय पाहिले? आणि काय पाहायचे राहून गेले?

मराठीत 'ओळख' हा शब्द तीन कामे करतो. परिचय म्हणजे ओळख, एखाद्याला पाहून हा अमुकच असे ठरवणे म्हणजेही ओळख, आणि अलीकडे अस्मिता या अर्थानेही आपण ओळखच म्हणतो. उर्दूत यासाठी निरनिराळे शब्द आहेत. जान-पहचान वेगळी, शिनाख्त वेगळी. मराठीने मात्र एकाच शब्दात एक जुने शहाणपण बांधून ठेवले आहे. ज्याच्याशी ओळख नाही, तो ओळखू येत नाही. सारख्या दिसणाऱ्या माणसांवर जगभर जे साहित्य लिहिले गेले त्याचे सार आम्हाला या एका शब्दात सापडते. या लेखात ते थोडे उलगडून पाहायचे आहे.

सारख्या चेहऱ्यांच्या विनोदी कथेचा वंश मोठा आहे. रोमन नाटककार प्लॉटसच्या जुळ्यांवरून शेक्सपिअरने 'कॉमेडी ऑफ एरर्स' रचले. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी ते 'भ्रांतिविलास' या नावाने बंगालीत आणले आणि गुलजारांनी १९८२ मध्ये 'अंगूर' काढला. जुळ्या मालकांचे आणि जुळ्या नोकरांचे सगळे घोटाळे आपल्याला हसवतात, कारण प्रेक्षक म्हणून आपला घोटाळा होत नाही. संजीवकुमार एकच असतो, तरी कोणता अशोक कोणता हे आपण चुकत नाही. एक सदा संशयाने पछाडलेला आणि दुसरा घरगुती कटकटींनी वैतागलेला. आपण त्यांना नाकाडोळ्यांवरून वेगळे करत नाही. त्यांच्या स्वभावाशी आपली ओळख झालेली असते. पडद्यावरच्या माणसांना हे ज्ञान नसते, म्हणून ती फसतात.

हीच गोष्ट कोर्टात गेली की हसू थांबते. दक्षिण फ्रान्समधल्या आर्तिगा या खेड्यातून मार्टिन गेर नावाचा तरुण शेतकरी १५४८ मध्ये घर सोडून गेला. आठ वर्षांनी मार्टिन म्हणून एक जण परत आला. बहिणींनी त्याला भाऊ मानले, बायकोने नवरा मानले, आणि तीन वर्षे संसार चालला. पुढे चुलत्याशी मालमत्तेवरून बिनसले आणि खटला उभा राहिला. सुमारे दीडशे माणसांनी साक्षी दिल्या. काही म्हणाले हा मार्टिनच, काही म्हणाले हा मार्टिन नव्हे, आणि साठाहून अधिक जणांनी आपल्याला सांगता येत नाही असे म्हटले. लहानपणापासून पाहिलेल्या माणसाबद्दल खेड्यातली इतकी माणसे गप्प राहिली! १५६० मध्ये तुलूझच्या न्यायालयात निकाल आरोपीच्या बाजूने झुकत असताना एक पाय लाकडी असलेला खरा मार्टिन दारात येऊन उभा राहिला. तोतयाला, म्हणजे आर्नो द्यु तिल याला, फाशी झाली. त्या खटल्यातल्या एका न्यायाधीशाने पुढच्याच वर्षी त्यावर पुस्तक लिहिले, आणि १९८३ मध्ये नताली झीमन डेव्हिस या इतिहासकार बाईंनी त्याचा फार सुंदर अभ्यास प्रसिद्ध केला.

या साऱ्या साक्षींत आम्हाला सर्वांत मोलाची वाटते ती गावातल्या जोडे शिवणाऱ्याची. तो चेहऱ्याबद्दल बोललाच नाही. मार्टिनचा जोडा बारा मापाचा होता, या माणसाचा नऊ मापाचा आहे, एवढेच त्याने सांगितले. त्याने मार्टिनच्या पायाला हात लावलेला होता. ही साक्ष वाचकांनी लक्षात ठेवावी. लेखाच्या शेवटी तिच्याकडे परत यायचे आहे.

आपल्याकडे तोतया म्हटला की पानिपत आठवते. १७६१ च्या जानेवारीत सदाशिवरावभाऊ रणात पडले, पण ते खरेच पडले का, ही शंका मराठी मनातून लवकर गेली नाही. पार्वतीबाईंनी वैधव्य स्वीकारले नाही. पुढे उत्तरेकडचा एक कनोजा ब्राह्मण आपण भाऊसाहेब असल्याचे सांगत आला. पुण्यात त्याची चौकशी झाली आणि तो कैदेत पडला. १७७६ मध्ये रत्नागिरीच्या अधिकाऱ्याच्या मदतीने तो सुटला आणि कोकणात त्याच्या झेंड्याखाली फौज जमली. त्याच वर्षी तो पकडला गेला आणि त्याला देहदंड झाला. न. चिं. केळकरांचे 'तोतयाचे बंड' हे नाटक याच घटनेवर आहे. पंधरा वर्षांत माणूस बदलतो. ऊन, उपास आणि कैद यांनी चेहरा आणखी बदलतो. तेव्हा तोतयाचे भाऊंशी साम्य किती होते, हा प्रश्न दुय्यम आहे. ज्यांना पानिपत झालेच नसते तर बरे असे वाटत होते त्यांना भाऊ दिसले, आणि ज्यांना पुणे दरबाराशी हिशेब चुकते करायचे होते त्यांना तर फारच लवकर दिसले. डोळे मनाच्या हुकमात चालतात, हे या बंडाने दाखवून दिले.

आचार्य अत्र्यांचे 'तो मी नव्हेच' १९६२ मध्ये रंगभूमीवर आले. त्यात तोतयाची गोष्ट उलटी फिरवलेली आहे. जुना तोतया म्हणतो, 'तो मीच.' इथला आरोपी म्हणतो, तुम्ही सांगता तो माणूस वेगळा, मी निपाणीचा तंबाखूचा व्यापारी. त्याचा बचाव म्हणजे हमशकल असण्याचा बचाव. फसवले गेलेले लोक एकामागून एक पिंजऱ्यात येतात आणि बोट दाखवतात. प्रभाकर पणशीकर फिरत्या रंगमंचावर एकाच नाटकात पाच भूमिका करत. पोशाख बदलला, आवाज बदलला, चाल बदलली की माणूस बदलला. नट एकच आहे हे प्रेक्षकाला पक्के ठाऊक असे, तरीही प्रत्येक नव्या सोंगाला तो क्षणभर भुले.

या नाटकाची चर्चा बहुधा अभिनयाच्या अंगाने झाली आहे. आम्हाला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. चेहरा आपण सर्वांत शेवटी पाहतो, हे अत्रे दाखवतात. आधी पोशाख दिसतो, मग हुद्दा, मग बोलण्याची ढब, मग जात. एवढे दिसले की आपले समाधान होते आणि नाकडोळे पाहायची गरजच उरत नाही. लखोबा लोखंडेचे भांडवल त्याचा चेहरा नव्हे. समोरच्या माणसाची ही घाई हेच त्याचे भांडवल.

ही घाई ध्यानात घेतली की आमच्या मूळ प्रश्नाकडे वळता येते. मराठी नाटक-सिनेमात आणि बऱ्याच कथा-कादंबऱ्यांतही मुसलमान पात्र कसे येते ते आठवून पाहावे. डोक्याला टोपी, डोळ्यांत सुरमा, गळ्यात ताईत, चौकड्यांची लुंगी, तोंडात पान आणि जिभेवर 'हम क्या बोलता है' छापाची भाषा. पात्र सज्जन असेल तर जिवाला जीव देणारा चाचा, दुर्जन असेल तर सुरा काढणारा गुंड. चाचा आणि गुंड यांची टोपी मात्र एकच. लेखकाने एवढे सामान मांडले की त्याला वाटते, माणूस उभा राहिला. खरे तर उभा राहतो तो तोतया. प्रत्यक्षात कोकणातला मुसलमान घरी कोकणी बोलतो, मराठवाड्यातला दखनी बोलतो, विदर्भातल्याच्या बोलण्यात वऱ्हाडी मिसळलेली असते. मुलाणी, आतार, तांबोळी, बागवान, पिंजारी, शिकलगार यांच्या चेहऱ्यांवर त्यांच्या त्यांच्या धंद्याच्या आणि मातीच्या खुणा असतात. सांगली-कोल्हापूरकडच्या खेड्यात बांधावर बसलेल्या चार म्हाताऱ्यांतला मुलाणी कोणता, हे परगावच्या पाहुण्याला सांगता येत नाही. हा चेहरा आपल्या साहित्यात फार थोडा आला आहे. 'तुम्ही मुसलमान वाटत नाही' हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी कौतुकाच्या स्वरात ऐकलेले असते. याचा अर्थ उघड आहे. बोलणाऱ्याच्या मनात मुसलमानाचा एक ठरलेला चेहरा होता आणि आपला चेहरा त्याच्याशी जुळला नाही.

चेहऱ्याला धर्म नसतो, हे हिंदी सिनेमाने नकळत कधीच सिद्ध केले आहे. पेशावरला जन्मलेले युसूफ खान १९६० मध्ये 'मुगल-ए-आझम'चे सलीम झाले, १९६१ मध्ये 'गंगा जमना'चे गंगा झाले, आणि १९६७ मध्ये 'राम और श्याम'मध्ये तर एकाच वेळी भित्रा राम आणि धीट श्याम. भुवया त्याच, कपाळ तेच. पडद्यावरच्या गंगाला पाहून कुणी म्हटले नाही की हा चेहरा मुसलमानाचा दिसतो. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'त मनमोहन देसाईंनी ही गोष्ट आणखी सोपी करून सांगितली. एका आईबापाची तीन मुले तीन घरांत वाढतात, आणि मोठेपणी एकमेकांसमोर उभी राहूनही एकमेकांना ओळखत नाहीत. आई आंधळी झालेली आहे, पण डोळस माणसे तरी काय पाहतात? त्यांना दिसते ती एकाची पोलिसी वर्दी, दुसऱ्याची कव्वाली आणि तिसऱ्याच्या गळ्यातला क्रूस. या सिनेमाला भाबडा म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे आणि शेवटाला तो भाबडा आहेही. पण माणसे चेहरा वाचत नाहीत, पोशाख वाचतात, हे निरीक्षण भाबडे नाही.

या निरीक्षणाची काळी बाजू मंटोने लिहून ठेवली. फाळणीच्या दंगलींवरच्या 'सियाह हाशिये'त दोन-तीन ओळींची एक कथा आहे. सुरा चालवणाऱ्याला माणूस पडल्यावर कळते की आपण भलत्यालाच मारले. कळते कशावरून, तर सुऱ्याने पायजम्याची नाडी तुटते म्हणून. चेहऱ्यावरून त्याला काहीच कळले नव्हते, आणि शरीर बोलले तेव्हा उशीर झाला होता. मंटो त्यावर भाष्य करत नाही, शोकही करत नाही. मारणाऱ्याला हळहळ वाटते ती चुकीची, खुनाची नव्हे. एवढेच तो दाखवतो आणि कथा संपवतो. जुळ्यांच्या विनोदी नाटकात जो घोटाळा आपल्याला हसवतो, तोच इथे माणूस मारतो.

चेहऱ्याच्या साक्षीवर विसंबता येत नाही, हे पोलिसांनाही फार पूर्वी उमगले होते. पॅरिसमध्ये बर्तियाँने १८८० च्या दशकात डोके, कान, हात-पाय मोजून कैद्यांची नोंद ठेवायला सुरुवात केली. पुढे बोटांचे ठसे आले. लाखो ठशांतून नेमका ठसा शोधायचा कसा, हा खरा पेच होता. तो सोडवण्याचे काम कलकत्त्यात काझी अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघांनी केले. ठशांची १०२४ कप्प्यांत वाटणी करण्याची गणिती रीत हक यांची. १८९७ मध्ये कलकत्त्याला ठशांची कचेरी उघडली. पद्धत जगभर गेली ती मात्र त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांच्या नावाने. माणसाची ओळख पटवण्याचे साधन ज्याने घडवले, त्याचीच ओळख जगाला राहिली नाही.

मानसशास्त्रज्ञ सांगतात की आपल्या गटातले चेहरे माणसाला चटकन वेगळे ओळखता येतात आणि परक्या गटातले एकसारखे वाटतात. मालपास आणि क्रॅव्हिट्झ यांनी १९६९ मध्ये गोऱ्या आणि काळ्या अमेरिकनांवर प्रयोग करून हे मांडले, आणि पुढे अनेकांनी ते पडताळले. याचे एक मुख्य कारण सहवासाचा अभाव हे मानले जाते. दोष डोळ्यांत नसून वावरात आहे. आता हे काम यंत्राकडे आले आहे, पण यंत्रालाही शिकवावे लागते आणि जे चेहरे त्याला कमी दाखवले जातात तिथे ते जास्त चुकते. २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष ते सांगणाऱ्या काही प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुका एक टक्क्याच्या आत होत्या. सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत त्या ३४ टक्क्यांपर्यंत गेल्या. २०२० च्या दिल्ली दंगलीनंतर अकराशेहून अधिक माणसे चेहरा ओळखणाऱ्या प्रणालीने हेरल्याचे संसदेत सांगितले गेले आणि हे सॉफ्टवेअर धर्म पाहत नाही, कपडे पाहत नाही, अशी ग्वाहीही दिली गेली. ८० टक्क्यांवर साम्य जुळले की ते ग्राह्य धरतो, असे दिल्ली पोलिसांनी २०२२ मध्ये माहितीच्या अधिकारात कळवले. यंत्र धर्म पाहत नसेलही. पण ज्याच्यावर त्याचे बोट पडेल त्याला कोर्टात उभे राहून 'तो मी नव्हेच' म्हणावे लागेल. अत्र्यांच्या नाटकात हे वाक्य लबाडाचे आहे. इथे ते निरपराध्याचेही असू शकते, आणि ऐकणाऱ्याला दोघांतला फरक सांगता आला पाहिजे.

इथवर आम्ही इतरांबद्दल बोललो. आता थोडे स्वतःकडे पाहू. साचेबंद मुसलमानाला उत्तर म्हणून आपण काय लिहिले? आपल्यापैकी अनेकांनी एक 'चांगला मुसलमान' उभा केला. तो शेजाऱ्याच्या गणपतीला हातभार लावतो, ईदला शीरखुर्मा वाटतो, दंगलीत दुसऱ्या धर्माच्या मुलाला वाचवतो आणि बहुधा शेवटच्या पानावर मरतो. अशी माणसे आहेत, आम्ही ती पाहिली आहेत. पण प्रत्येक कथेत तोच येऊ लागला तेव्हा तोही तोतयाच झाला. आपल्या कथांतली अम्मीही तशीच. पहाटे नमाज, दिवसभर शिलाई मशीन, रात्री खोकला. तिचे नाक कसे आहे, हसताना ती कुठे पाहते, कुणाचा राग तिने वीस वर्षे मनात धरला आहे, हे आपण लिहीत नाही. बुरख्यामुळे स्त्रीचा चेहरा झाकला जातो अशी टीका होते. पण घरात बुरखा काढून वावरणाऱ्या बाईचा चेहराही आपण लेखकांनी झाकूनच ठेवला, त्याचे काय? आणि आपल्या लेखनातला सवर्ण शेजारी, सावकार, पोलीस यांना तरी आपण कुठे चेहरे दिले? त्यांनाही आपण टोपीसारखेच एकेक चिन्ह चिकटवून मोकळे झालो.

याला अपवाद आहेत. हमीद दलवाईंची 'इंधन' १९६५ मध्ये आली. त्यांच्या सामाजिक मतांशी आपल्यापैकी अनेकांचे पटले नाही, आजही पटत नाही. पण त्या कादंबरीतली कोकणातल्या गावची मुसलमान माणसे एका साच्यातून काढलेली नाहीत, हे वाचणाऱ्याला मान्य करावे लागते. ती हट्टी आहेत, प्रेमळ आहेत, लोभी आहेत, थकलेली आहेत, आणि धर्माखेरीज जमीन, नाते, शरीर आणि जुनी वैरे यांनी बांधलेली आहेत. लेखकाला ती टोपीवरून नव्हे, तर आवाजावरून ठाऊक आहेत. वाचकही मग एकाची दुसऱ्याशी गल्लत करत नाही. मतभेद राखूनही अशा पुस्तकाकडून आपण शिकले पाहिजे.

म्हणून आम्ही त्या आर्तिगाच्या जोडे शिवणाऱ्याकडे परत येतो. त्याला खोटे पकडता आले, कारण त्याने एका माणसाच्या पायाचे माप घेतले होते. सगळ्या शेतकऱ्यांचे पाय कसे असतात हे त्याला ठाऊक असते, तर त्याचा काही उपयोग नव्हता. लेखकाचे काम याहून निराळे नाही. मुसलमान कसा असतो, हे सांगायला बरेच जण बसले आहेत, त्यात प्रेमाने सांगणारेही आहेत. आमच्या गल्लीतला हा एक बागवान, आंबे निवडताना एक डोळा मिटणारा आणि थोरल्या मुलाशी चार वर्षे न बोललेला, कसा आहे हे सांगणारा लेखक आम्हाला हवा आहे. तो मुसलमान असलाच पाहिजे असे नाही. त्याने माप घेतलेले असले म्हणजे झाले. वेगवेगळ्या जमाती केल्या त्या एकमेकांना ओळखावे म्हणून, हा कुराणातला विचार आपण सभांतून पुष्कळदा सांगतो. ओळखण्यासाठी जवळ जावे लागते, ही त्यातली कष्टाची बाजू सांगायची मात्र राहून जाते.

त्या कार्यक्रमानंतर दोनेक महिन्यांनी सूत्रसंचालकांचे आम्हाला पत्र आले. त्यांनी आमच्या स्नेह्यांचा संग्रह विकत घेऊन वाचला होता. दोन कविता आवडल्या, एक मुळीच आवडली नाही, असे स्पष्ट लिहिले होते. खाली एक ओळ होती: 'तुमचा लेखही वाचला. तुम्ही दोघे मुळीच सारखे नाही.' पत्र आम्ही स्नेह्यांना वाचून दाखवले. न आवडलेली कविता कोणती, हे त्यांनी आधी विचारले.